जुन्या स्वस्त शिकारी रायफलींचा दर्जा आणि मोल कसे ठरवावे?

माहीमकर | ४ जून, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी.

माघ महिन्यात माझ्या सासऱ्यांचे निधन झाले. त्यांच्या परवान्यावर दोन रायफली होत्या. पहिली ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) बोल्ट रायफल (बोल्ट म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा, हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा), जी त्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात रोह्याजवळच्या शेतीसाठी घेतली होती. दुसरी बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची .२२ बोअरची 'स्पोर्ट्समन', जी दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका स्नेह्यांकडून त्यांनी रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतली. दोन्ही शस्त्रे आम्ही एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली असून पावती आमच्याकडे आहे. माझी पत्नी महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये नेमबाजी करत असे, त्यामुळे वारस म्हणून तिच्या नावे परवाना मागावा असा घरात विचार चालू आहे. दोन्ही ठेवाव्यात, एक ठेवावी की दोन्ही विकाव्यात, हे मात्र अजून ठरत नाही.

विक्रेत्याने पाच मिनिटांत निकाल दिला. त्याच्या मते .२२ विलायती असल्यामुळे तिला चांगला भाव येईल, आणि .३१५ला कोणी विचारत नाही, ती मोडीत काढलेली बरी. त्याने दोन्ही रायफली हातात घेतल्या, वरून पाहिल्या आणि परत ठेवल्या. एकाही रायफलीचा बोल्ट काढून नळीत डोकावला नाही, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

खरे पाहता दोन्ही रायफली त्यांच्या काळी गरीब घरच्याच होत्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रायफली बनवणाऱ्या बीएसएने युद्ध संपल्यावर सशांसाठी, उंदीर-घुशींसाठी आणि हौशी नेमबाजीसाठी साध्या माणसाच्या खिशाला परवडेल अशी म्हणून स्पोर्ट्समन बाजारात आणली. .३१५ तर लष्करी ली-एन्फील्डच्याच बांधणीची. .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य असल्यामुळे ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० मानलिखर काडतुसावर ती बेतली गेली आणि शेतकऱ्याला, जमीनदाराला सरकारी भावात मिळू लागली. म्हणजे दोघींनाही खानदानी म्हणता येणार नाही. मग एकीचे मोल दुसरीच्या अनेक पट कसे होते?

दिसायला .२२ अतिशय देखणी आहे. तिचा निळा-काळा रंग आरशासारखा चमकतो आणि दस्त्यावर वॉर्निश आहे. .३१५चा दस्ता घामाने काळवंडला आहे, नळीवरचा रंग जागोजागी उडून करडा पडला आहे आणि नळीत पाहिले तर काळोखच दिसतो. मला यातले फारसे कळत नाही. ज्यांनी जुन्या, स्वस्तातल्या रायफली हाताळल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे, की अशा शस्त्राचा दर्जा नेमका कशावरून ओळखायचा?

जुना नेमबाज | ४ जून, रात्री ११.०५

माहीमकर, आपल्या सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटले.

मी वरळीच्या रेंजवर अनेक वर्षे काढली आहेत आणि आपल्यासारख्या घरांतून आलेल्या बऱ्याच रायफली माझ्या डोळ्यांखालून गेल्या आहेत. माझा अनुभव असा, की या रायफली पाहणारी दहांतली नऊ माणसे आधी लाकूड पाहतात, मग रंग पाहतात, आणि नळीपर्यंत पोहोचण्याआधीच भाव बोलून मोकळी होतात. आपण उलट्या क्रमाने जा.

रायफल स्वस्त होती म्हणजे कारखान्याने कुठेतरी पैसा वाचवला होता. तो कुठे वाचवला, हे आधी शोधायचे. साधे लाकूड, कमी पॉलिश आणि जाळीची नक्षी नसलेला दस्ता यांत वाचवला असेल तर आपले काहीच बिघडत नाही. नळीच्या पोलादात, बोल्टच्या लॉकमध्ये (बार होताना बोल्टला जागेवर धरणाऱ्या खुंट्यांमध्ये) किंवा चापाच्या यंत्रणेत वाचवला असेल तर मात्र कितीही चकचकीत वस्तू असो, ती सोडून द्यावी. .३१५च्या बाबतीत बचत केवळ रूपात झाली आहे, कारण आतली यंत्रणा कित्येक लाख सैनिकांनी दोन महायुद्धांत चिखला-धुळीत वापरलेल्या रायफलीची आहे.

आता तपासणी. ती दुकानातच, परवानाधारकाच्या देखत करावी. मॅगझिन आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट पूर्ण बाहेर काढायला सांगावे. बोल्टच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर विजेरीचा उजेड टाकावा आणि नळीच्या तोंडाकडून पाहावे. नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचांच्या) कडा शेवटपर्यंत धारदार दिसल्या पाहिजेत. काळोख दिसला म्हणून लगेच निराश होऊ नये. जुने घट्ट झालेले ग्रीस, दारूची काजळी आणि गोळीवरच्या तांब्याचा थर यांमुळेही नळी काळी दिसते. चिंध्या फिरवल्यावर आधी काळे, मग हिरवट-निळे निघते आणि त्याखालून कधी कधी उत्तम नळी बाहेर येते. खड्डे मात्र साफ होत नाहीत. ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात आणि त्यांवर उपाय नाही.

खड्ड्यांचे कारणही सांगतो, कारण मुंबईत ते फार आढळते. त्या काळच्या लष्करी पद्धतीच्या काडतुसांच्या कॅपमध्ये (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड नळीत उरते. हा मिठाचाच भाऊबंद असल्यामुळे तो हवेतले पाणी ओढून घेतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच जुने सैनिक फनेल लावून नळीत उकळते पाणी ओतत आणि नळी कोरडी झाली की मग तेल लावत. घरोघरच्या हौशी मंडळींनी फक्त तेल लावले, आणि त्या तेलाखाली मीठ आपले काम करत राहिले.

यानंतर नळीचे तोंड भिंगाखाली पाहावे. ली-एन्फील्ड जातीच्या रायफली पुलथ्रूने, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायच्या दोरीने, साफ करण्याची पद्धत होती. दोरी वाकडी ओढली गेली की वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासून तोंडाशी घळ पडते आणि गोल भोक लंबगोल होते. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श याच जागी होतो, त्यामुळे बाकी सारी नळी निर्दोष असूनही अशी रायफल नेम धरत नाही. चांगल्या कारागिराला नळी तोंडाशी अर्धा-पाऊण इंच कापून नवे तोंड काढता येते. परंतु त्यासाठी परवाना असलेलाच कारागीर हवा आणि त्या कामाची लेखी नोंद हवी.

नळीत कुठे काळी अंगठी दिसली, तर बाहेरून त्या जागी हळूच बोटे फिरवून पाहावीत. कधी काळी नळीत चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार झाला असेल तर त्या जागी फुगवटा येतो. अशी रायफल कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

आता बोल्ट. बोल्टच्या मुठीवरचा क्रमांक आणि मुख्य सांगाड्यावरचा (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या भागावरचा) क्रमांक एकच आहे का, हे पाहा. क्रमांक वेगळे असतील तर कोणी दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला आहे, आणि मग बोल्ट व काडतूस यांमधले अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, गेजने मोजल्याशिवाय तिच्यातून एकही बार काढू नये. आपल्या घरी तिच्यातून उडवलेली रिकामी टोपणे (काडतुसांची पितळी नळकांडी) सापडली तर ती जपून ठेवा. बुडाच्या थोडे वर चकाकती कडी उमटली असेल, किंवा वाकवलेल्या तारेचे टोक आतून फिरवल्यावर तिथे खाच लागत असेल, तर ते अंतर वाढल्याचे लक्षण आहे.

.२२बद्दल उद्या लिहितो. आत्ताच एक सांगून ठेवतो, की "आरशासारखा चमकतो" हे आपले शब्द वाचून मला काळजी वाटली.

संगमेश्वरकर | ५ जून, सकाळी ७.४०

फार उपयुक्त धागा. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसाची बंदूक आहे, रायफल नाही. पण पावसाळ्याचा प्रश्न दोघींना सारखाच, म्हणून लिहितो. आमचे आजोबा बंदुकीला खोबरेल लावून कातडी म्यानात घालत आणि माजघरातल्या खुंटीला टांगत. आजोबा गेल्यावर म्यान उघडले तेव्हा खोबरेलाचा चिकट पिवळा थर झाला होता आणि कातडे ज्या बाजूने नळीला टेकले होते त्या बाजूला गंजाची लांबच लांब पट्टी होती. कातडे आणि कॅनव्हास पाणी धरून ठेवतात हे आम्हाला उशिरा कळले. आता आम्ही शिलाई यंत्राचे पातळ तेल वापरतो, बंदूक कपाटात उघडी उभी ठेवतो आणि श्रावण संपेपर्यंत दर रविवारी पुसतो. माहीमकर, आपल्या रायफली कुठे आणि कशात ठेवल्या जात होत्या, हे सासूबाईंना जरूर विचारा.

ठाणेकर वकील | ५ जून, दुपारी १.१५

मोलाचा प्रश्न निघाला आहे म्हणून कायद्याची बाजू मांडते, कारण आपल्या देशात शस्त्राची किंमत पोलादापेक्षा कागदाने अधिक ठरते.

'शिकारी रायफल' हे आता केवळ नाव उरले आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारेही बंद केली. त्यामुळे परवाना मागताना कारण स्वसंरक्षण, शेतीसंरक्षण, क्रीडा किंवा वारसा असेच असावे लागते.

माहीमकरांनी शस्त्रे जमा केली हे योग्यच केले. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात शस्त्र ठेवणे बेकायदा ठरते आणि शस्त्र कायद्याच्या कलम २१प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मुंबईत परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. म्हणजे ताईंच्या नावे दुसरे शस्त्र नसेल तर दोन्ही रायफलींसाठी अर्ज करण्यास आडकाठी दिसत नाही. परवानाधारकाला दुसऱ्या परवानाधारकास शस्त्र विकायचे असल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

विलायती मालाच्या भावाबद्दल एक खुलासा करते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करणे बंद झाले. नामांकित नेमबाजांसारखे ठरावीक अपवाद सोडले, तर जी परदेशी शस्त्रे तेव्हा देशात होती तीच आजवर हातोहात फिरत आहेत. ज्या रायफलीला तिच्या मायदेशात कोणी फारसे विचारणार नाही, तिला इथे मोठा भाव येतो तो यामुळे. ती किंमत दुर्मीळतेची असते, दर्जाची नव्हे. विक्रेता ती सांगतो तेव्हा खोटे बोलत नसतो. मात्र ऐकणाऱ्याने तिला दर्जाचे प्रमाणपत्र समजू नये.

उत्तरेचा वारा | ५ जून, रात्री १०.३०

मी गिरगावात वाढलो आणि गेली बावीस वर्षे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे हरणांची शिकार कायदेशीर, परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात होते, आणि जुन्या स्वस्त रायफलींचा बाजार फार मोठा आहे. "पैसा कुठे वाचवला" हा जुन्या नेमबाजांचा निकष वाचून मला तीन-चार उदाहरणे लगेच आठवली.

रेमिंग्टन कंपनीने १९६७ साली ७८८ नावाची रायफल काढली. तिची ७०० ही महागडी रायफल १९६२पासून चालू होतीच, ७८८ तिची गरीब बहीण. बर्चचे साधे लाकूड, नक्षी नाही, पत्र्याचे सुटे मॅगझिन. पण बोल्टला मागच्या बाजूला नऊ लॉक, आणि काडतूस बाहेर पडण्याची खिडकी लहान असल्यामुळे सांगाडा चांगलाच ताठ. परिणाम असा, की ही स्वस्त रायफल नेमाच्या बाबतीत आपल्या महाग बहिणीला मागे टाकते असा तिचा लौकिक झाला. १९८३मध्ये ती बंद पडली आणि आज लोक ती शोधत फिरतात. तिच्यातही खोड आहे. बोल्टची मूठ झाळून जोडलेली असल्यामुळे कधी कधी निखळते आणि मूळ मॅगझिन मिळता मिळत नाही. मी स्वतः एकदा मॅगझिनविना आलेली ७८८ घेतली आणि तिचे मॅगझिन शोधण्यात दोन हंगाम घालवले. तेव्हापासून जुनी रायफल पाहताना मी आधी मॅगझिनचे ओठ वाकले आहेत का ते पाहतो.

दुसरे उदाहरण सीअर्स या दुकानाचे. ते आपल्या ग्राहकांना 'जे. सी. हिगिन्स' या नावाने रायफली विकत असे. त्यांतल्या ५० क्रमांकाच्या रायफलीत बेल्जियमच्या एफएन कारखान्याचा माउझर या नावाजलेल्या जर्मन धर्तीचा सांगाडा आणि आतून क्रोमचा मुलामा दिलेली नळी आहे. दुकानाचे साधे नाव पाहून लोक ती बाजूला सारत आणि ज्याला ठाऊक असे तो मुकाट्याने उचलून नेई. हर्टर्स या टपाल-विक्रेत्याच्या यू-९ रायफलीचा सांगाडा तर माहीमकरांच्या ओळखीच्या बीएसएचाच होता. अशा रायफलीवर विकणाऱ्याचे नाव असते, घडवणाऱ्याचे नाव शोधावे लागते.

याच्या उलट प्रकार विंचेस्टरच्या मॉडेल ७०चा. १९३६पासून ती उत्तम गणली जात होती. १९६४मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीने तिची घडण बदलली. काडतुसाला बाजूने घट्ट पकडणारा माउझर धर्तीचा मोठा पंजा काढून टाकला आणि दस्त्यावरची कोरीव नक्षी ठशाने दाबून उमटवू लागली. नवी रायफल गोळी बरी मारत होती, तरी ग्राहकांनी ती नाकारली, आणि आजही १९६४पूर्वीच्या मॉडेल ७०ला वेगळा भाव आहे. त्या भावात उपयुक्ततेचा वाटा किती आणि हळहळीचा किती, यावर इथे शिकाऱ्यांमध्ये अजून वाद होतात. माझ्या मते थंडीत, घाईत, बोल्ट अर्धवट ओढला गेला तरी काडतूस न सोडणारा पंजा ही हळहळ नाही, तो खरा गुण आहे.

लिव्हर रायफलींचेही (ज्यांत खालची कडी ओढून काडतूस भरतात) एक सांगतो. विंचेस्टर ९४ची नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते, कारण मागून गज जायला वाट नाही. मार्लिन ३३६चा मात्र लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागे सरकून बाहेर येतो आणि गज मागून घालता येतो. त्यामुळे जुनी ९४ घेताना नळीच्या तोंडाकडे मी दुप्पट बारकाईने पाहतो. जुन्या नेमबाजांनी सांगितलेली पुलथ्रूची घळ आणि ही गजाची झीज, दोन्ही एकाच घरच्या व्याधी आहेत.

जुना नेमबाज | ६ जून, सकाळी १०.५०

वकीलताईंचे आणि उत्तरेच्या वाऱ्याचे आभार. आता .२२कडे वळतो.

.२२मध्ये शिशाची मऊ गोळी आणि थोडी दारू असते, त्यामुळे नुसत्या वापराने तिची नळी झिजायला माणसाचे अख्खे आयुष्य अपुरे पडते. तिला बिघडवतात तो गंज, तोंडाकडून घातलेला लोखंडी गज, आणि रिकामा चाप ओढण्याची सवय. ही तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. .२२चे काडतूस काठावर आघात होऊन पेटते. चेंबरमध्ये काडतूस नसताना चाप ओढला तर अनेक जुन्या रायफलींत पिन सरळ चेंबरच्या काठावर आदळते. घरातल्या मुलांनी खेळ म्हणून हे वर्षानुवर्षे केले असेल तर त्या जागी लहानसा खड्डा पडतो आणि कडेचे पोलाद आत ढकलले जाते. मग काडतूस अडखळत आत जाते आणि टोपण निघताना अडते. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून चेंबरच्या काठावर फिरवा. एखाद्या जागी कापसाचे तंतू अडकून राहिले तर तिथे बोटाला न जाणवणारी धार आहे.

आता चमक. जुनी रायफल पुन्हा पॉलिश करून पुन्हा रंगवलेली असेल तर मूळ पृष्ठभाग गेला, आणि बहुधा त्याखालचे खड्डे लपले. हे ओळखणे अवघड नाही. कंपनीच्या नावाच्या अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत का, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखी खोलगट जागा झाली आहे का, आणि चाचणीचे छाप (नळी चाचणीत टिकल्याचे चाचणीगृहाचे शिक्के) पुसट झाले आहेत का, ते पाहावे. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने १९५४पासून मुकुटाखाली 'बीएनपी' ही अक्षरे मारायला सुरुवात केली. त्याआधी 'बीपी', 'बीव्ही' आणि 'एनपी' अशी अक्षरे मुकुटाखाली वेगवेगळी मारलेली असत. छाप वाचता आले तर रायफल १९५४च्या अलीकडची की पलीकडची हेही आपल्याला कळेल. छापच अर्धा घासला गेला असेल, तर पॉलिश करणाऱ्याने किती पोलाद खाल्ले ते समजेल. ज्या जुन्या रायफलीचा रंग प्रामाणिकपणे उडाला आहे आणि स्क्रूंच्या खाचा शाबूत आहेत, ती मला अशा नटवलेल्या रायफलीपेक्षा केव्हाही अधिक विश्वासाची वाटते.

शेवटी काडतुसांचा विचार. आपल्याकडे .३१५ची काडतुसे खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत, आणि .२२ची क्रीडा-काडतुसे नेमबाजांना मिळतात. माझ्या ओळखीच्या एका घरात जुन्या परदेशी बोअरची, कोरीव नक्षीची सुंदर रायफल आहे, पण तिचे काडतूस त्यांना मिळत नाही. तिला शोभेची वस्तू म्हणावे लागते. तुमच्या दोन्ही रायफली त्या बाबतीत भाग्यवान आहेत.

माहीमकर | ६ जून, रात्री ९.००

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. संगमेश्वरकर, सासूबाईंना विचारले. .३१५ लाकडी कपाटात जुन्या सुती धोतरात गुंडाळून उभी असे आणि दर पावसाळ्यात सासरे ती दोन-तीनदा काढून पुसत. .२२ कॅनव्हासच्या पिशवीत माळ्यावर होती आणि सात-आठ वर्षांपूर्वी ती "नवी करून" आणली होती. हे ऐकताच जुन्या नेमबाजांची काळजी मला समजली. शनिवारी पत्नीला घेऊन दुकानात जातो. जाताना भिंग, विजेरी, कापूस आणि पांढरा कागद सोबत नेणार आहे.

एक शंका. .३१५चा दस्ता तेल पिऊन अगदी काळा पडला आहे. तो बदलावा का?

जुना नेमबाज | ६ जून, रात्री ९.४५

मुळीच बदलू नका. दस्ता जिथे सांगाड्याच्या मागच्या टोकाला भिडतो तिथे, आणि खालच्या बाजूला जिथे धक्का लाकडावर येतो तिथे, केसासारखी चीर आहे का एवढेच पाहा. तेल पिऊन लाकूड मऊ झाले असेल तर नखाने दाबून कळते. तसे नसेल तर जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. एक मात्र करा. पुढचे लाकूड नळीला एका बाजूने दाबत आहे का ते पाहा, कारण पावसाळ्यात मुंबईचे लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात जमवलेला नेम श्रावणात सरकतो.

माहीमकर | १३ जून, रात्री १०.१५

आज आम्ही दुकानात दीड तास होतो. विक्रेत्याने सुरुवातीला घाई केली, पण पत्नीने नम्रपणे आणि ठामपणे बोल्ट काढून दाखवायला सांगितले तेव्हा त्याने सहकार्य केले, हे नमूद करायला हवे.

.२२ आधी पाहिली. नळीवरच्या नावातली शेवटची दोन अक्षरे बोटाला लागतच नाहीत इतकी घासली गेली आहेत. चाचणीच्या छापांतला एक मुकुट अर्धाच उरला आहे आणि त्याखाली भिंगातून 'एनपी' एवढे वाचता आले, म्हणजे रायफल १९५४च्या आधीची असावी. विजेरी तिरपी धरल्यावर चकचकीत रंगाखाली खड्ड्यांच्या बारीक रांगा दिसल्या. सर्व खड्डे नळीच्या बाहेरच आहेत, आतले आटे चांगले आहेत. मग कापसाचा बोळा चेंबरच्या काठावरून फिरवला. बरोबर वरच्या बाजूला, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, तीन-चार पांढरे तंतू अडकून राहिले. पत्नी काही वेळ ते पाहत राहिली आणि म्हणाली, "हे मी आणि दादाने केलंय. बाबा कचेरीत गेले की आम्ही दोघं माळ्यावर हाच खेळ खेळायचो." दुकानातल्या कारागिराने सांगितले की काठावर आलेले पोलाद योग्य हत्याराने परत बसवता येते आणि काम मोठे नाही.

.३१५ची नळी सुरुवातीला काळीच दिसली. कारागिराने परवानगीने अकरा चिंध्या फिरवल्या. पहिल्या पाच काळ्याकुट्ट निघाल्या, पुढच्या तीन हिरवट, आणि शेवटची जवळजवळ पांढरी. त्यानंतर कागदाच्या उजेडात पाचही आटे तोंडापर्यंत स्वच्छ वळत गेलेले दिसले. चेंबरच्या पुढे दोन बोटांवर थोडे खड्डे आहेत, ते आम्ही लपवणार नाही. तोंडाशी घळ नाही. बोल्ट आणि सांगाडा यांचा क्रमांक एकच आहे. दस्त्याला मागच्या टोकाशी नखाएवढी चीर आहे. हेडस्पेसचे गेज त्या दुकानात नव्हते, म्हणून ते मोजून होईपर्यंत तिच्यातून बार काढायचा नाही असे ठरले आहे.

घरी आल्यावर पत्नीने सासऱ्यांची परवान्याची जुनी पुस्तके काढली. विकत घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद त्यांत विक्रेत्याच्या शिक्क्यासह असते, हे तिच्या लक्षात आले आणि ती जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करत बसली. सासऱ्यांच्या नावावर रायफल आल्यापासून .३१५ची एकूण १३५ काडतुसे घेतली गेली. शेवटची नोंद १९८८ची आहे, आणि रायफलींसोबत जमा केलेल्या काडतुसांच्या पावतीवर .३१५ची ४० लिहिलेली आहेत. म्हणजे सासऱ्यांच्या सबंध हयातीत ही रायफल शंभरापेक्षाही कमी वेळा उडाली. त्याआधी त्यांच्या वडिलांच्या हातून किती उडाली ते कळायला मार्ग नाही, पण नळी पाहता फार नसावी.

विक्रेत्याला आम्ही दोन्ही रायफली विकणार नसल्याचे कळवले आहे. वकीलताई, अर्जाला कोणकोणती कागदपत्रे जोडावी लागतील, हे आपण सवडीने लिहिलेत तर फार मदत होईल. पुढच्या आठवड्यात आयुक्तालयात जायचे आहे.